हजची घाई करू नका

हजला जायचं मनात असेल, तर एजंट शोधण्याआधी कुराणाच्या तिसऱ्या सूरेतली ९७वी आयत घरातल्या सगळ्यांनी मिळून नीट वाचा. हज फर्ज आहे, पण ज्याला तिथवर पोचणं शक्य आहे त्याच्यावर, असं ती सांगते. काबाच्या आवारात जो आला तो सुरक्षित झाला, हेही त्याच आयतीत आहे. हज आणि सुरक्षितता अशी एकाच आयतीत आलेली असताना, जीव धोक्यात घालून केलेल्या हजचं जास्त पुण्य मिळतं ही समजूत आपल्यात कुठून शिरली?

जुन्या फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, ‘शक्य’ असण्याचा विचार बारकाईनं केला होता. वाटखर्च, वाहन, तब्येत, वाटेवरची सुरक्षितता, शिवाय मागे राहणाऱ्या बायकापोरांचा खर्च. उंटांच्या काफिल्याच्या काळात वाट सुरक्षित असणं म्हणजे लुटारू नसणं. आज लाखो माणसं एकाच आठवड्यात त्याच मैदानांत उतरतात, तेव्हा परवाना हाच सुरक्षित वाटेचा भाग आहे. सौदी अरेबियाच्या ज्येष्ठ विद्वानांच्या परिषदेनं २०२४च्या एप्रिलमध्ये स्पष्ट सांगितलं, की परवान्याशिवाय हजला जाणं गुन्हा तर आहेच, शिवाय गुनाह, म्हणजे पापही आहे. त्याच जूनमध्ये मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला आणि १,३०१ माणसं दगावली. त्यांतली ८३ टक्के विनापरवाना आलेली होती, असं तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं. ती उन्हातून मैलोन्‌मैल पायी चालली होती. त्यांना ना तंबू, ना सावली. बऱ्याच जणांना परवाना लागतो हे माहीत असेल, पण ‘जमवून देतो’ म्हणणाऱ्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

म्हणून भेटीच्या व्हिसावर हज करवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. हज कमिटीच्या सोडतीत नाव आलं नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. दागिने गहाण टाकून, मुलीच्या शिक्षणाचे पैसे मोडून जाऊ नका. ऐपत नाही त्याच्यावर हे कर्तव्यच नाही. ते चुकलं म्हणून कुणी जाब विचारणार नाही, ना इथे, ना तिथे.

वडील थकलेत, पण जायचा हट्ट धरून बसलेत, असं अनेक घरांत असतं. पैगंबरांच्या अखेरच्या हजमध्ये खसअम टोळीतली एक बाई त्यांच्याकडे आली. माझ्या वडिलांवर हज फर्ज झाला, पण त्यांना उंटावर नीट बसवत नाही, मी त्यांच्या वतीनं करू का, असं तिनं विचारलं. ते हो म्हणाले. बुखारींच्या संग्रहात ही हदीस आहे. ती वडिलांना सांगा. मुलगी बापाच्या नावानं हज करते आणि तो पुरा होतो, हे ऐकून त्यांचा जीव शांत होईल.

तिथे पोचल्यावरही धर्माच्या नावाखाली रेटारेटी करू नका. काबाच्या हजर-ए-अस्वदला, काळ्या दगडाला, हात लागलाच पाहिजे म्हणून माणसं म्हाताऱ्यांना कोपरानं ढकलतात. पैगंबरांचे साथी उमर ताकदवान होते. दुबळ्यांना त्रास होईल अशी गर्दी करू नकोस, जागा नसेल तर लांबूनच तकबीर म्हण, असं पैगंबरांनी त्यांना बजावल्याचं हदीसमध्ये नोंदलंय. दुसऱ्या सूरेच्या १९७व्या आयतीत तर हजच्या दिवसांत भांडणालाच मनाई आहे. पाण्याच्या नळावरचं भांडणही त्यात आलं.

मीनाला सैतानाला खडे मारण्याच्या जागी २००६ साली चेंगराचेंगरीत ३४० हून अधिक हाजी गेले. त्यानंतर तिथे कित्येक मजली पूल उभा राहिला. पण नुसता पूल पुरत नाही, वेळही वाटून घ्यावी लागते, आणि तशी मुभा धर्मात आहे. अखेरच्या हजमध्ये कुणी विधी मागेपुढे केल्याचं सांगितलं, की पैगंबर म्हणत, काही हरकत नाही. सौदी विद्वान सलमान अल्-औदा यांनी हाच धागा धरून हजमधल्या सवलतींवर पुस्तक लिहिलं. सूर्यास्तानंतर खडे मारायलाही आज अनेक विद्वान परवानगी देतात.

तेव्हा हजच्या प्रशिक्षण वर्गाला जाल, तिथे मौलानांना हे मोकळेपणानं विचारा. रात्री खडे मारले तर चालेल का? आजारी आईचे मी मारले तर? चाकाच्या खुर्चीवरून तवाफ कसा करायचा? उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि सोबतच्या मंडळींनाही वाचून दाखवा.