आवडत्या अल्बमांची यादी : बखर की अस्सल कागद?

आवडत्या रॉक-पॉप अल्बमांची यादी हल्ली प्रत्येक जण करतो. बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स' (१९६७), पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) आणि मराठीपणाची खूण म्हणून शेवटी 'गारवा'. पदव्युत्तर वर्गात आलो तेव्हा मीही अशीच यादी केली होती. ती खोटी नव्हती. पण ती बखर होती.

बखर हाती आली की आपण विचारतो: कोणी लिहिली, कोणासाठी, किती वर्षांनी? वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींपेक्षा अस्सल पत्रांना मान दिला. आपल्या याद्या त्याच कसोटीवर घासून पाहाव्यात, यासाठी हा धागा.

आधी 'अल्बम' या शब्दाविषयी. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. मोठी रचना अनेक तबकड्यांत विभागावी लागे आणि त्या तबकड्या पाकिटांच्या जाड पुस्तकात बांधून विकल्या जात. छायाचित्रांच्या वहीसारखे दिसे, म्हणून अल्बम. १९४८ मध्ये एलपी आली, पुस्तक गेले, नाव उरले.

एका सूत्रात बांधलेला मराठी अल्बम कोणता, असे विचारल्यास मी 'शिवकल्याण राजा' पुढे करीन. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीचा, १९७४चा. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, स्वर लताबाईंचा, शब्द रामदास आणि भूषण यांच्यापासून सावरकर-कुसुमाग्रजांपर्यंतचे. रॉकचे चाहते ज्याला 'कन्सेप्ट अल्बम' म्हणतात, तो याहून वेगळा नसतो. मात्र हे साधन १६७४चे नव्हे, १९७४चे आहे. कोणते कवी घेतले, कोणते वगळले, यातून त्या वर्षीचा महाराष्ट्र दिसतो. (शिवजयंतीला तो लावून 'इतिहास ऐकला' म्हणणाऱ्या मित्रांशी माझा वाद आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत.)

एलपी आणि ती वाजवणारे यंत्र सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचे होते. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट आपल्याकडे ऐंशीच्या दशकात गावोगावी पोचली. स्वस्त कॅसेटमुळे मोजक्या कंपन्यांची आणि चित्रपटसंगीताची मक्तेदारी कशी मोडली, हे पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात उत्तर भारताच्या आधारे दाखवले आहे. महाराष्ट्रात त्याचा ठळक पुरावा म्हणजे शिंदे घराणे. प्रल्हाद शिंदे यांच्या एकाच कंठातून कव्वाली, विठ्ठलगीत आणि भीमगीत निघे. पुत्र आनंद शिंदे यांच्या 'जवा नवीन पोपट हा'ने तर लग्नाच्या वराती व्यापल्या. त्याच दशकात गोव्यात रेमो फर्नांडिस यांनी 'गोअन क्रेझी' (१९८४) घरीच ध्वनिमुद्रित केला आणि मुंबईच्या रॉक मशीनने 'रॉक अँड रोल रेनेगेड' (१९८८) काढला.

दशक एक, कॅसेट तीच. तरी रेमो आणि रॉक मशीन 'भारतीय पॉप-रॉकचा इतिहास' ठरतात आणि शिंदे 'लोकगीते' नावाच्या खान्यात ढकलले जातात. हा भेद स्वरांचा नाही. तो ऐकणाऱ्याच्या वर्गाचा आणि जातीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मला ग्रंथांतून उमगले नाही. येलदरीला, पूर्णेवरच्या धरणालगतच्या आमच्या घरात, वडिलांची कॅसेटींची पत्र्याची पेटी आहे. त्यात जिंतूरला 'भरून' आणलेली साठ मिनिटांची एक कॅसेट सापडली. पसंतीच्या गाण्यांची चिठ्ठी आणि कोरी कॅसेट दिली की दुकानदार गाणी भरून देई. ती चिठ्ठी आत घडी करून ठेवलेली: प्रल्हाद शिंद्यांची दोन भीमगीते, 'शिवकल्याण राजा'तले एक, हिंदी चित्रपटांतली चार, मग पोपट. कोपऱ्यात 'जाने. ९४'. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले, तोच महिना.

ही चिठ्ठी कोणाला दाखवण्यासाठी लिहिलेली नव्हती, म्हणून ती माझ्या यादीहून वरच्या दर्जाचे साधन आहे. माझ्या यादीत यांतले एकही नाव नव्हते. ते का गाळले, हे मला तेव्हाही ठाऊक होते. वसतिगृहाच्या खोलीत भीमगीताचे नाव काढले की पुढचा प्रश्न आडनावाचा येई.

यादी आता नव्याने लिहिली आहे. 'डार्क साइड' तीत आहे, कारण तो मला खरोखर आवडतो. त्याच्या वर प्रल्हाद शिंदे आहेत.

तुमच्या घरीही अशी पेटी असेल. फितीवर बुरशी चढते, शाई उडते. कॅसेट वाजवून पाहण्याआधी आतल्या चिठ्ठीचे आणि वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या. गाण्यांचा क्रम जसाच्या तसा उतरवा, आणि लाज वाटली म्हणून एकही नाव गाळू नका. आमच्या कॅसेटच्या पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे मध्येच तुटते. तीस मिनिटे संपली होती. तेही मी नोंदवून ठेवले आहे.