वन्समोअर की देवगिरी?

संध्याकाळी सातला सूतगिरणी चौकात डोळे मिटून उभे राहा. (रस्त्याच्या कडेला, प्लीज!) काय ऐकू येतं? हॉर्न, रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचं टिंगटिंग, क्लास सुटलेल्या पोरांचा कल्ला आणि लग्नसराई असेल तर बीड बायपासच्या लॉन्सवरचा डीजे. आता आठवून सांगा, स्पीकरमधून न आलेलं संगीत तुम्ही शेवटचं कधी ऐकलं? इयरफोन धरायचे नाहीत आणि कॉलनीतला गणपतीचा मंडपही नाही. नुसतं वाद्य आणि तुमचा कान.

मला स्वतःला हा प्रश्न गारखेड्यात कधीच पडला नव्हता. तो पडला मुंबईत, नरिमन पॉइंटला, एनसीपीएमध्ये. मैत्रिणीकडे पियानो रिसायटलचं एक जादा तिकीट होतं, मला मुंबईत तसंही काम होतं, म्हणून गेले. खरं सांगायचं तर एसी हॉलमध्ये दोन तास बसायला मिळेल, इतकीच माफक अपेक्षा होती. स्टेजवर एक लांबलचक काळा पियानो आणि एक स्टूल. बाकी काहीच नाही. मी मैत्रिणीला हळूच विचारलं, "माइक लावायचा राहिलाय का गं?" तिनं माझ्याकडे जे काही बघितलं ते इथं छापण्यासारखं नाही.

माइक लागतच नाही. मोठ्या पियानोत दोनशेहून जास्त तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण वीस टनांच्या आसपास भरतो. तो पेलायला आत लोखंडाची ओतीव चौकट असते. पट्टी दाबली की आतला एक लहानसा हातोडा तारेवर पडतो. बोट हळू पडलं तर हातोडा हळू, बोट जोरात तर हातोडा जोरात. इटलीतल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास ही युक्ती काढली. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जायची, त्यामुळे कितीही जोर लावा, आवाज साधारण तेवढाच. नव्या वाद्याचं नावच पडलं हळू आणि जोरात, म्हणजे पियानो-फोर्ते. पुढे आपण सगळ्यांनी मिळून त्यातलं 'जोरात' गाळून टाकलं.

पण मला त्या दिवशी गार केलं ते त्या 'हळू'नं. मधल्या एका तुकड्यात पियानिस्टनं आवाज इतका खाली आणला की पूर्ण हॉल पुढे वाकल्यासारखा झाला. खोकला आलेला माणूस लालबुंद होऊन बसलेला. शेवटचा स्वर विरत गेला आणि तो नेमका कधी संपला हे मला कळलंच नाही. डीजेच्या शहरात वाढलेल्या कानाला हे जरा जास्तच होतं.

तुम्ही म्हणाल, पियानो आपला थोडाच? मान्य. आपल्या घराघरात कॅसिओ मात्र आहे. दहावीच्या आधीच्या सुट्टीत मोठ्या हौसेनं घेतलेला, आता माळ्यावर कव्हर घालून ठेवलेला. आमच्याकडे तर त्याच्या शेजारी पेटीही आहे. चार वर्षं शिकले होते, दहावीचे क्लास लागले आणि भाता बंद झाला तो झालाच. तेव्हा शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, पेटीवर मींड येत नाही, ती तू मनात ऐकायची. पियानोचंही तेच. 'सा'वरून 'रे'वर घसरत जाता येत नाही, मधली जागाच नाही. याच तक्रारीवरून आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दारात उभं केलं नव्हतं. तरी आपल्या भजनांतून आणि संगीत नाटकांतून तिला कोणी हलवू शकलं नाही. म्हणजे पट्ट्यांच्या वाद्याशी मराठी कानाचं जुनंच जमतं. फरक इतकाच की पेटीचा स्वर भाता चालेपर्यंत टिकतो, पियानोचा स्वर मात्र जन्मल्या क्षणापासून विरायला लागतो. गाणं सलग आहे असा भास पियानिस्टला करून द्यावा लागतो. 'अंधाधुन' (२०१८) बघून पुण्यातल्या त्या पियानोच्या प्रेमात पडला असाल तर ही गंमत प्रत्यक्ष ऐकायलाच हवी.

टाळ्यांचा घोळ मात्र आधीच सांगून ठेवते, कारण मी तो घातलाय. सोनाटाचे तीन-चार भाग असतात. एक भाग संपला की सगळे चिडीचूप बसतात आणि शेवटचा भाग संपल्यावरच टाळ्या पडतात. आपल्याला तानेच्या मध्यावर "क्या बात है" म्हणायची सवय, त्यामुळे पहिल्या भागानंतर माझ्या एकटीच्या दोन टाळ्या वाजल्या. नंतर वाचलं तेव्हा जीव भांड्यात पडला. मोझार्टच्या काळात लोक वाजवणं चालू असतानाही टाळ्या द्यायचे, आणि १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यानं ते मोठ्या आनंदानं कळवलंय. गप्प बसण्याचा नियम नंतरचा. एकट्या माणसानं पूर्ण संध्याकाळ पियानो वाजवायचा हा प्रकारही तसा नवाच. 'रिसायटल' हा शब्द या अर्थानं फ्रान्झ लिस्टच्या लंडनमधल्या १८४० च्या कार्यक्रमांपासून रुळला. बायका त्याच्या हातमोज्यांसाठी भांडायच्या म्हणतात. पहिला रॉकस्टारच तो!

तर आता मुद्द्याचं, म्हणजे सीझनचं. खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव यांनी एनसीपीएत २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. त्याचे वर्षात दोन सीझन असतात, एक जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास आणि एक सप्टेंबरच्या आसपास. त्यात पियानो अनेकदा ऑर्केस्ट्रासोबत असतो. एकट्या पियानोच्या मैफली एनसीपीए वर्षभर अधूनमधून ठेवतं. ऑर्केस्ट्राचा थाट वेगळा, पण पहिल्यांदा जाणार असाल तर माझं मत एकट्या पियानोला. एकच माणूस, एकच वाद्य, लक्ष कुठे द्यायचं याचा गोंधळ नाही. इतकं लांब नको असेल तर पुण्यात कॅम्पमध्ये पूना म्युझिक सोसायटी आहे. दस्तूर शाळेच्या आवारातल्या माझदा हॉलमध्ये त्यांचे कार्यक्रम होतात. तुमच्या बॅचचे अर्धे लोक तसेही पुण्यातच आहेत, राहायची सोय झालीच म्हणून समजा.

सीझन या शब्दातच आपली खरी गोची आहे. तिथं कोणत्या तारखेला काय वाजणार हे बरंच आधी जाहीर होतं. आपण दुपारी चारला "आज काय करायचं?" असा मेसेज टाकणारी माणसं. आणि तिकिटापेक्षा गाडी महाग पडते. मुंबई रेल्वेनं पावणेचारशे किलोमीटर. जाताना दिवसा वंदे भारत आहे, पण परतीची दुपारीच मुंबई सोडते, मैफलीनंतर तिचा उपयोग शून्य. उरते रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस. मैफल सातला सुरू झाली तर नऊच्या आसपास संपते, सीएसएमटी तिथून तीनेक किलोमीटर. कागदावर सगळं बसतं.

कागदावर नसतो तो वन्समोअर. संगीत नाटकात वन्समोअर मिळाला की तेच पद पुन्हा व्हायचं. इथं पियानिस्ट आत जातो, टाळ्या थांबत नाहीत, तो परत येतो आणि पत्रिकेत नसलेलं काहीतरी छोटंसं वाजवतो. काय वाजवणार हे आधी कोणालाच माहीत नसतं. त्या रात्री तो दुसऱ्यांदा बाहेर आला तेव्हा मी घड्याळ बघितलं आणि शेजारच्यांचे पाय तुडवत, सॉरी सॉरी करत निघाले. मागे दार बंद झालं. कॉरिडॉरमध्ये चार पावलं टाकली आणि आतून पहिले स्वर आले. ओळखीचे वाटले. बंद दारापाशी मोजून अर्धा मिनिट उभी राहिले आणि मग टॅक्सीसाठी पळाले. गाडी मिळाली. ती धून कोणती होती ते मात्र आजतागायत कळलेलं नाही. मैत्रिणीनं नाव लक्षात ठेवलं नव्हतं, फक्त "अगं, तेच सगळ्यात भारी होतं" एवढं न विसरता सांगितलं.

वरच्या बर्थवर झोप येईना तेव्हा गाडीच्या नावाचा विचार करत पडले. देवगिरी! आपल्या उशाशी असलेल्या याच किल्ल्यावर तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या दरबारात शारंगदेवानं 'संगीत रत्नाकर' लिहिला. देशभरातले संगीताचे पंडित आजही त्याचा हवाला देतात. आणि शारंगदेवाची नोकरी कोणती होती? हिशेबखात्यातली! म्हणजे दिवसा अकाउंट्स आणि उरलेल्या वेळात संगीत. आपल्यातल्या कित्येकांचा हाच बायोडेटा आहे, 'उरलेला वेळ' सोडला तर. त्याच्या नावानं आपल्याकडे एमजीएमच्या आवारात महागामी जानेवारीत शारंगदेव समारोह भरवतं. गारखेड्यातून रिक्षानं जाता येतं. तिथं पहिल्यांदा जाणाऱ्यांनी माझ्यासारखी 'पार्किंग मिळेल का' एवढीच चौकशी करू नये.

मग आपल्या शहरात पियानोचा सीझन का नाही, असं कोणीतरी विचारणारच. मोठा कॉन्सर्ट पियानो नऊ फूट लांब आणि जवळपास पाचशे किलो. तो एकदा आणला तरी मे महिन्याच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, जुलैत फुगतं, आणि सूर त्याच्याबरोबर खाली-वर होतो. ट्यूनर सारखा लागतो. पण खर्चाचा भाग सोडला तरी, न बोलता, फोन न काढता दोन तास बसतील असे पन्नास लोक आधी लागतात. ते जमवायला पियानो लागत नाही. २०२५ ची वॉर्सातली चोपिन स्पर्धा (एरिक लू जिंकला) पूर्णच्या पूर्ण यूट्यूबवर आहे. कोणाच्या तरी हॉलमध्ये, बरे स्पीकर लावून, महिन्यातून एक रविवार. उल्कानगरीतल्या आम्ही चौघी-पाचजणी तयार आहोत, चहा ज्याच्या घरी त्याचा.

हो, स्पीकर. सुरुवातीला काय म्हटलं ते आठवतंय मला. म्हणूनच पुढच्या सीझनसाठी मुंबईचं जमवतेय. जाताना वंदे भारत, रात्री मुक्काम दादरला मावशीकडे, येताना सकाळची तपोवन. देवगिरीचं तिकीट या वेळी काढणार नाही.