भ्यायचेच तर व्होल्टेजला भ्या

डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवून दिला त्यापेक्षा वाढवणे, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग, या विषयात दोन पंथ आहेत. पहिला सोवळ्यातला. बायोसला, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगना, हात लावलात की प्रोसेसर जळालाच म्हणून समजा, असे तो सांगतो. दुसरा बिनधास्तांचा. दोन आकडे बदला आणि फुकटात महागडा प्रोसेसर पदरात पाडून घ्या, अशी त्याची शिकवण. नवशिक्या या दोघांच्या कात्रीत सापडतो. एक तर तो जन्मात कधी बायोस उघडत नाही, नाही तर व्हिडिओत दिसलेले आकडे जसेच्या तसे टाकतो आणि आठवड्याभरात विंडोज का कोसळायला लागले म्हणून कपाळाला हात लावतो. माझ्या मते दोन्ही पंथांचा वाद मुळातच भलत्या मुद्द्यावर चालला आहे. ते वेगावरून भांडतात आणि धोका असतो व्होल्टेजमध्ये. हे एकदा ध्यानात आले की नवशिक्यालाही हे काम निर्धास्तपणे जमते, आणि त्याची सुरुवात व्होल्टेज कमी करण्यापासून होते.

आधी सोवळ्यांचा समाचार घेऊ. वेग वाढवला की प्रोसेसर जळतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. या भीतीला खतपाणी घातले ते २००१ सालच्या एका चित्रफितीने. ‘टॉम्स हार्डवेअर’ने चालू प्रोसेसरवरचा कूलर काढून घेतला आणि पुढे काय होते ते चित्रित केले. इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, पण चालत राहिला. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून धूर निघाला. तो धूर पाहणाऱ्यांच्या मनात कायमचा बसला. मात्र त्या अ‍ॅथलॉनचा वेग कोणी वाढवलेला नव्हता, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली गेली. तो जळाला उष्णतेने, कारण तापमान वाढल्यावर स्वतःला आवरण्याची सोय त्यात नव्हती. आजच्या प्रोसेसरांत ती असते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसर ९५ अंश सेल्सिअसला आणि इंटेलचे अलीकडचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांना पोचले की आपणहून वेग उतरवतात. तरीही पारा चढत राहिला तर मशीन सरळ बंद पडते. कूलर नीट न बसवल्यामुळे प्रोसेसरचा कोळसा होण्याचे दिवस केव्हाच मागे पडले.

सोवळ्यांचा दुसरा आधार म्हणजे कंपनीचे सेटिंग. आहे तसे चालवा, काही होत नाही, हे त्यांचे ब्रीद. गेल्या काही वर्षांतल्या दोन प्रकरणांनी त्या ब्रीदाचे बारा वाजवले. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी जातीचे प्रोसेसर मदरबोर्डाच्या सॉकेटसकट जळाल्याची छायाचित्रे जगभर फिरली. रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारे एक्स्पो हे कंपनीनेच दिलेले तयार प्रोफाइल चालू करताच काही मदरबोर्ड एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारे व्होल्टेज, कोणी न मागता गरजेपेक्षा बरेच वर नेऊन ठेवत होते. त्यानंतर एएमडीने बायोसच्या नव्या आवृत्तीतून त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२४ मध्ये पाळी इंटेलची आली. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले मोठे प्रोसेसर अकारण क्रॅश होऊ लागले. प्रोसेसरमधलेच मायक्रोकोड चुकून नको इतके व्होल्टेज मागत होते आणि त्याने चिपची झीज होत होती, अशी कबुली इंटेलने जुलैत दिली. ऑगस्टच्या दुरुस्तीत ही मागणी १.५५ व्होल्टवर रोखली गेली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. जे प्रोसेसर आधीच झिजले होते, ते या दुरुस्तीने पूर्ववत झाले नाहीत. ज्यांनी बायोसचा पडदा कधी पाहिलाही नव्हता, अशांचे प्रोसेसरही त्यात होते.

२००१ मध्ये उष्णता, २०२३ मध्ये व्होल्टेज, २०२४ मध्ये पुन्हा व्होल्टेज. यांपैकी एकाही प्रकरणात वापरणाऱ्याने हाताने वाढवलेला प्रोसेसरचा वेग हा आरोपी नव्हता. जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता मिळून चिपमधल्या तांब्याच्या सूक्ष्म तारा आणि अतिपातळ विद्युतरोधक थर झिजवतात. ही झीज गुपचूप होते आणि भरून येत नाही. तेव्हा ‘हात लावू नका’ हा सल्ला सुरक्षिततेचा नाही. आपल्या मशीनमध्ये काय चालले आहे ते पाहूच नका, असा तो सल्ला आहे.

सोवळ्यांचा शेवटचा बाण बराच टोकदार आहे. आता ओव्हरक्लॉकिंगमध्ये उरलेच काय, असे ते विचारतात. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याचा गुणक ४.५ वर कुलूपबंद होता, पण मदरबोर्डाची बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर धावे. सरळ दीडपट! आज रायझन ५ ७६०० कारखान्यातूनच ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत चढण्याची मुभा घेऊन येतो. बायोसमधून आणखी २०० मेगाहर्ट्झ मोकळे केले तरी वाढ चार टक्क्यांच्या आतच. हा हिशेब मला मान्य आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. आजचे प्रोसेसर तापमान, वीज आणि विद्युतप्रवाह पाहून क्षणाक्षणाला स्वतःचा वेग ठरवतात. ७६०० ला सॉकेटमधून ८८ वॉटपर्यंत वीज घेता येते. त्याला तेवढ्याच कामासाठी कमी व्होल्टेज दिले, तर त्याच ८८ वॉटांत सगळे कोअर अधिक वेगाने चालतात, किंवा त्याच वेगाने अधिक थंड चालतात. आपल्या हवेत हा दुसरा लाभच मोठा. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. पंचवीस अंशांच्या खोलीत ७५ वर थांबणारा प्रोसेसर मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या बेचाळीस अंशांच्या खोलीत त्याच कामाला ९२ च्या घरात जातो. तिथे दहा अंश वाचवणे हे बेंचमार्कमधल्या चार टक्क्यांपेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

आता बिनधास्तांकडे वळू, कारण नवशिक्याचे खरे नुकसान ते करतात. वेग फुकट मिळतो, हा त्यांचा लाडका सिद्धान्त. जरा गणित करून पाहा. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाच टक्के वेगासाठी व्होल्टेज दहा टक्के वाढवले, तर १.०५ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे २७ टक्के जास्त वीज. पाच टक्क्यांसाठी सत्तावीस टक्के मोजणे याला फुकट म्हणत असतील, तर सावकारीलाही दानधर्म म्हणावे लागेल. वर ती सगळी वीज उष्णता होऊन खोलीतच उतरते.

‘माझ्याकडे १.३५ व्होल्टवर व्यवस्थित चालतो, तूही तेवढेच टाक’ हा त्यांचा दुसरा सल्ला. एकाच वेफरमधून कापलेल्या दोन चिपसुद्धा सारख्या नसतात. कोणत्या वेगाला किती व्होल्टेज लागते याचा आलेख प्रत्येक चिपचा वेगळा असतो. दुसऱ्याचे व्होल्टेज उचलून आपल्या मशीनला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून गाडी चालवणे. मदरबोर्डावरचे एका क्लिकचे ओव्हरक्लॉकिंग त्याहून बरे नाही. कोणत्याही चिपवर ते चालावे लागते, म्हणून ते सर्वात वाईट चिप गृहीत धरून व्होल्टेज ओतते. तुमची चिप चांगली असली तरी तिला तो भुर्दंड पडतोच.

त्यांचा तिसरा दावा सर्वात घातक: सिनेबेंचची जड चाचणी दहा मिनिटे चालली, म्हणजे झाले. अस्थिर मशीन नेहमी निळा पडदा दाखवून ओरडत नाही. प्रोसेसर किंवा रॅमने एखादा बिट चुकवला, तर मशीन चालूच राहते आणि चुकलेला बिट फाइलमध्ये लिहिला जातो. लग्नाचे फोटो, दुकानाचा टॅलीतला हिशेब, अर्धा लिहिलेला प्रबंध यांत तो बिट शिरला, तर पत्ता लागेपर्यंत बॅकअपवरही तीच बिघडलेली प्रत गेलेली असते. नवशिक्याने जळण्याची धास्ती जरा कमी आणि या मुक्या चुकीची जरा जास्त घ्यावी.

इतके खंडन पुरे. आता नवशिक्याने करायचे काय? रायझन ५ ७६०० आणि बी६५० मदरबोर्ड अशी सर्रास दिसणारी जोडी समोर ठेवून सांगतो.

पहिले काम, महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क मशीनपासून सोडवून ठेवायची. दुसरे, बायोस अद्ययावत करायचा. १.३ व्होल्टची ती मर्यादा बायोसमधूनच आली, हे विसरू नका. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो, म्हणून हे काम यूपीएसवरच. तिसरे, काहीही बदलण्याआधी मोजायचे. तापमान आणि व्होल्टेज दाखवणारे एचडब्ल्यूइन्फो उघडून ठेवावे, सिनेबेंच निदान अर्धा तास चालवावे आणि गुण, सर्वाधिक तापमान, वॉट व खोलीचे तापमान हे चार आकडे वहीत उतरवावे. हे आकडे हाती नसतील तर नंतर सुधारणा झाली की बिघाड, हे सांगता येणार नाही. इथेच तापमान ९५ ला टेकत असेल, तर ओव्हरक्लॉकिंग बाजूला ठेवा. कूलर, थर्मल पेस्ट आणि केसमधून खेळणारी हवा यांची दुरुस्ती आधी.

मग रॅम. डीडीआर५ रॅमच्या डब्यावर ६००० छापलेले असते आणि कित्येकांच्या मशीनमध्ये ती ४८०० वर चालत असते, कारण एक्स्पो प्रोफाइल कोणी चालूच केलेले नसते. ते चालू करा, एसओसी व्होल्टेज १.३ च्या वर नाही याची खात्री करा आणि रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ रात्रभर लावा. एक जरी चूक दिसली तरी वेग एक पायरी खाली आणायचा. इथे ‘एखादी चालते’ असे काही नसते.

रॅमची खात्री पटली की प्रोसेसरकडे या. बायोसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या पोटात चिपचा वेग-व्होल्टेजचा आलेख सरकवणारा कर्व्ह ऑप्टिमायझर असतो. तिथे सर्व कोअर, निगेटिव्ह, १० असे भरायचे. एका पायरीला साधारण तीन ते पाच मिलिव्होल्ट उतरतात, म्हणजे एकूण तीस ते पन्नास. याहून कमी जोखमीची सुरुवात नाही, कारण चिपला मिळणारे व्होल्टेज आपण घटवत आहोत. चिप जळणार नाही; फार तर मशीन हँग होईल किंवा एखादा बिट चुकेल, आणि त्यासाठीच फाइलींची प्रत आधी काढली आहे. पुन्हा तेच अर्धा तासाचे सिनेबेंच, पुन्हा तेच चार आकडे.

इथे एक खळगा आहे आणि बहुतेक जण त्यात पडतात. कर्व्ह ऑप्टिमायझरची अस्थिरता जड कामात दिसेलच असे नाही. सगळे कोअर राबत असताना वेग थोडा खाली असतो. सर्वाधिक वेग गाठला जातो तो एकच कोअर झटक्यात जागा होतो तेव्हा. म्हणून रात्रभराची जड चाचणी पार केलेले मशीन सकाळी ब्राउझर उघडताना पटकन रीस्टार्ट होते आणि मालक विंडोजला शिव्या देतो. यावर उपाय कोअरसायकलरसारखे साधन. ते एकेका कोअरला वेगळे गाठून तपासते. जोडीला विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या नोंदी पाहाव्यात. १८ क्रमांकाची नोंद आढळली की एखाद्या कोअरने दगा दिला असे समजावे. त्या नोंदीतल्या एपिक आयडीवरून तो कोणता याचा माग लागतो. तेवढ्या कोअरचे आकडे माघारी घ्यायचे. सगळे निर्मळ असेल तर १० वरून १५, मग २०. थांबायचे कुठे हे चिप सांगते, व्हिडिओ नव्हे.

हे सगळे पार पडल्यावरच वेगाचा विषय. बूस्ट मर्यादा ५० किंवा १०० मेगाहर्ट्झने वाढवून तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. व्होल्टेज हाताने वाढवण्याच्या रकान्याला नवशिक्याने शिवू नये. त्याची गरजच पडत नाही. मशीन सुरूच होईना तर वीज तोडून मदरबोर्डावरचा सीमॉस क्लिअरचा जंपर जोडायचा, की सगळी सेटिंग मूळपदावर येतात. इंटेलवाल्यांना गुणक बदलायला के मालिकेचा प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो. तेरावी-चौदावी पिढी असेल तर मायक्रोकोडची दुरुस्ती आणि इंटेलने सांगितलेल्या वीजमर्यादा लावल्याखेरीज पुढचे पाऊल टाकू नये.

एक आक्षेप मात्र उरतो आणि तो खरा आहे: हमी. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान दोन्ही कंपन्यांच्या हमीत बसत नाही, आणि एएमडी प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हलाही त्यातच धरते. तेव्हा बिघाड परवडणार नसेल, किंवा ज्या मशीनवर घर चालते असे एकच मशीन असेल, तर एक्स्पो आणि कर्व्ह ऑप्टिमायझर दोन्ही सोडून द्यावेत. मोजण्यापाशी थांबावे आणि बायोस ताजा ठेवावा. त्यात कमीपणा काही नाही.

बाकीच्यांना माझे सांगणे एवढेच. वेगाच्या आकड्यावर ना भुला, ना बिचका. या रविवारी एचडब्ल्यूइन्फो उतरवून घ्या आणि आपल्या प्रोसेसरला किती व्होल्टेज मिळते, तो किती तापतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ज्याने हे दोन आकडे पाहिले नाहीत, त्याने ओव्हरक्लॉकिंग करू नये, आणि दुसऱ्याला करू नको म्हणूनही सांगू नये.