आधी कोणता गड?



परवा आम्ही वर्गाची सहल कंधारच्या किल्ल्यावर नेली होती. खंदक, जाडजूड तट, बुरूज पाहून मुलं हरखून गेली. एकानं विचारलं, "गुरुजी, राजाकडं लई पैसे असतील, नाही?"

मी म्हणालो, "राजाचे पैसेसुद्धा मोजकेच असतात रे!"

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर आकडा लिहिला : १,७५,०००. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, शिवाजी महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. १६७० पासून ते परत जिंकायला सुरुवात झाली. पुढे १६७१-७२ च्या सुमारास गडांच्या बांधकामासाठी महाराजांनी पावणेदोन लाख होन नेमून दिले. होन म्हणजे सोन्याचं नाणं, बरं का! यादीत वीसेक गड होते.

"करा वाटणी!" मी म्हणालो. बहुतेकांनी सगळ्यांना सारखंच दिलं. प्रत्येकी ८,७५०. कुणावर अन्याय नको!

मग मी महाराजांची वाटणी सांगितली. एकट्या रायगडाला ५०,०००, कारण तिथं राजधानी उभी राहत होती. सिंहगड, पुरंदर, राजगड, प्रतापगड यांना दहा-दहा हजार. तेवढेच सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्गाला. समुद्रावर जंजिऱ्याचा सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज होते ना! बाकी बऱ्याच गडांना पाच-पाच हजार. मनोहरगडाला फक्त १,०००.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मग मनोहरगडावरच्या माणसांनी काय करायचं?"

प्रश्न अगदी खरा होता. एकाला जास्त दिलं, की दुसऱ्याचं कमी होतंच. पण सगळ्यांना सारखं दिलं असतं, तर राजधानीचं काम अर्धवट राहिलं असतं. आणि मनोहरगडालाही महाराज विसरले नव्हतेच.

आणखी एक गंमत. सव्वा लाख होन त्यांनी वेगळेच काढून ठेवायचे ठरवले. मोगलांनी गडांना वेढे घातले, तरच ते वापरायचे! पुढं औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरला आणि १७०७ साली मरेपर्यंत इथंच अडकून पडला. त्याला अडकवण्यात या गडांचा वाटा मोठा होता.

आजही हेच कोडं आहे. देशाच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले गेले. त्यांतले सुमारे १ लाख ६० हजार कोटी निवृत्तिवेतनाचे. ज्यांनी उमेदीची वर्षं सीमेवर घालवली, त्यांना विसरून कसं चालेल? उरलेल्यांत पगार, दारूगोळा, विमानं, जहाजं. आणि शाळा-दवाखान्यांचा पैसाही त्याच तिजोरीतून येतो.

आता तुम्ही राजे! तुमच्याकडं १०० होन आहेत आणि गड पाच : एक राजधानी, एक समुद्रातला, दोन सरहद्दीवरचे, एक आतला लहानसा. आईबाबांना जवळ बसवा आणि वाटणी करा. थोडे शिल्लक ठेवायला विसरू नका. अट एकच : ज्या गडाला कमी द्याल, तिथल्या किल्लेदाराला त्याचं कारण सांगता आलं पाहिजे!

तुमचे,
गुरुजी