गावकी भरते, ग्रामसभा तहकूब होते

दापोली तालुक्यातील मतदारांसाठी पत्रक
(वाचून झाल्यावर शेजारच्या घरी द्या)



गौरी-गणपतीत आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत जा. एका संध्याकाळी देवळात गावकीची बैठक असतेच. बाहेर पाऊस कोसळत असला तरी घरटी एक माणूस हजर. पालखीचा खर्च, पाखाडीची डागडुजी, विहिरीवरचा पंप, थकलेली वर्गणी, बांधावरून झालेली भांडणे, सगळे तिथे निघते आणि मध्यरात्रीपर्यंत तावातावाने चालते.

आता १५ ऑगस्टची ग्रामसभा आठवा. झेंडावंदन झाले, मुलांना खाऊ वाटला. सभेला उरले सरपंच, शिपाई, अंगणवाडीच्या बाई आणि दाखला हवा म्हणून थांबलेले सात-आठ जण. कायद्याने गणपूर्ती लागते ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी. ती काही होत नाही. सभा तहकूब. आणि तहकूब होऊन पुन्हा भरलेल्या सभेला गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे तेच सात-आठ जण गावाचा वर्षाचा आराखडा मंजूर करतात. सह्यांची वही मागाहून घरोघर फिरते. आपणही चहाचा कप एका हातात धरून दुसऱ्या हाताने सही ठोकतो.

तेव्हा लोकांना गावच्या कारभारात रस नाही, हे कोणी सांगू नये. रस भरपूर आहे, तो चुकीच्या बैठकीत खर्च होतो. चुकीच्या का, ते सांगण्यासाठीच हे पत्रक.

मी थेट लोकशाहीच्या बाजूचा माणूस आहे. पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावायची आणि मग पाच वर्षे ओटीवर बसून शिव्या घालायच्या, याला मी लोकांचे राज्य म्हणत नाही. शिवाय ते प्रतिनिधी तरी कुठे धड मिळतात? आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार हाकला. किती वाड्यांत त्याची चर्चा झाली? सरपंच थेट जनतेने निवडायचा, असे २०१७ मध्ये ठरले. २०२० मध्ये ते रद्द झाले. २०२२ मध्ये पुन्हा थेट. ज्यांच्या मताबद्दल हा खेळ चालला होता, त्यांना तिन्ही वेळा कोणी विचारले नाही.

मग गावकीलाच सगळे अधिकार द्या की, असे कोणी म्हणेल. सगळे समोरासमोर बसतात, मध्ये ना आमदार ना पक्ष. याहून थेट काय असणार?

त्याचे उत्तर आपल्याच तालुक्याने देऊन ठेवले आहे. १८९३ साली मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात विधवेशी लग्न केले. हाच माणूस मुरुडचे भले व्हावे म्हणून १८८६ पासून ‘मुरुड फंड’ चालवत होता. नवरा-नवरी गावी आली तेव्हा गावाने सभा भरवली. कर्व्यांशी बसउठ करायची नाही, आणि घरच्यांनी त्यांना आसरा दिला तर घरच्यांनाही वाळीत टाकायचे, असे ठरले. पोलीस नव्हते, कलेक्टर नव्हता, कोणा राजाचा हुकूम नव्हता. गावाने एकत्र बसून आपल्या सगळ्यांत भल्या माणसाला आईच्या दारातून परत पाठवण्याची तजवीज केली. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. आता मुरुडच्या वाटेवर आपण त्यांचे नाव अभिमानाने सांगतो, ठरावाची आठवण काढत नाही.

त्याच सुमारास दापोली कॅम्पात लष्करातून निवृत्त झालेले महार पेन्शनर राहत होते. ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे गोपाळ बाबा वलंगकर याच दापोलीतून लिहीत आणि अर्ज करीत होते. १८९२ मध्ये या पेन्शनरांनी आपल्या मुलांना सार्वजनिक पैशातून चाललेल्या इथल्या शाळेत घ्या, अशी मागणी केली. गावातल्या वरच्या जातींनी विरोध केला. अर्ज-विनंत्यांत दोन वर्षे गेली आणि मुलांना जागा मिळाली ती शाळेच्या व्हरांड्यात. शाळेचा पैसा सगळ्यांचा, वर्ग मात्र बहुमताचा. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणाचा काही काळ याच कॅम्प दापोलीत गेला.

म्हणून ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याबद्दल जे कठोर शब्द काढले, ते मला पुस्तकी वाटत नाहीत. खेडे म्हणजे संकुचितपणाचा आणि अज्ञानाचा अड्डा, अशा अर्थाचे ते बोलले होते. मसुद्यात एकक म्हणून गाव न घेता व्यक्ती घेतली, याचा त्यांना आनंद वाटला होता. गांधीवाद्यांना ते झोंबले. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींबाबतचे कलम घटनेच्या मसुद्यात आले आणि बाबासाहेबांनी ते स्वीकारलेही. पण त्यांच्या आक्षेपाचे उत्तर त्यानंतर फारसे कोणी दिले नाही. ग्रामस्वराज्यवाले गावाची आरती ओवाळत बसले, शहरातले शहाणे गावाला नावे ठेवत बसले.

माझ्या मते उत्तर त्या ‘एकक’ या शब्दातच आहे. गावकीत एकक घर असते. घरटी एक वर्गणी, घरटी एक माणूस, आणि तो माणूस म्हणजे बहुतेक ठिकाणी घरातला कर्ता पुरुष. सासू, सून, कॉलेजातली मुलगी, धाकटा भाऊ, घरात राहणारी विधवा बहीण, या सगळ्यांचे मत त्याच्या खिशात. त्यावर भावकी, मानपान, कोणाचा नारळ पहिला. बौद्धवाडी आणि मोहल्ला तर त्या देवळात येणारच नाहीत. ग्रामसभेत एकक माणूस आहे. मतदार यादीत नाव असलेला अठरा वर्षांवरचा प्रत्येक जण तिथे सभासद आहे, त्याला कोणी मान द्यावा लागत नाही. दोन्ही बैठकांत काही माणसे तीच दिसतील, पण एकीत घर बोलते, दुसरीत माणूस बोलू शकतो. घराऐवजी माणूस हे एकक धरणे, मानवतावाद हा जड शब्द मी एवढ्याच अर्थाने घेतो.

हा फक्त कोकणातला दोष आहे, असेही नाही. थेट लोकशाहीची पंढरी म्हणून स्वित्झर्लंडचे नाव घेतात. तिथे पन्नास हजार नागरिकांनी शंभर दिवसांत सह्या केल्या तर संसदेने केलेला कायदा लोकांच्या मताला टाकावा लागतो. ऐकायला किती छान! पण त्याच देशात बायकांना देशपातळीवर मत मिळाले ते १९७१ मध्ये, कारण द्यायचे की नाही हे पुरुष मतदान करून ठरवत होते आणि १९५९ मध्ये त्यांनी ‘नाही’ म्हटले होते. आपेन्झेल इनरहोडन नावाच्या एका प्रांतात तर लोक वर्षातून एकदा चौकात जमतात आणि हात वर करून निर्णय घेतात. त्या चौकातल्या पुरुषांनी १९९० मध्येसुद्धा बायकांना आत घ्यायला नकार दिला. शेवटी त्याच वर्षी न्यायालयाने तो नकार मोडला. आपली गावकी आणि आल्प्सची गावकी, मला तरी भाऊ-भाऊच दिसतात.

सत्ता थेट लोकांना द्यायची, पण तिच्याखाली एकटा माणूस दडपू द्यायचा नाही, हे कोडे मानवेंद्रनाथ रॉय यांना नीट दिसले होते. क्रांतीसाठी जगभर फिरलेला हा माणूस, १९४६ च्या डिसेंबरात मुंबईत आपल्या सहकाऱ्यांपुढे आपल्या विचारांची बावीस सूत्रे मांडून मोकळा झाला. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःचा पक्षच विसर्जित केला. निवडणुका लढवून सत्ता घेण्याऐवजी गावोगाव लोकसमित्या उभ्या राहाव्यात, कायदा सुचवण्याचा, जनमत मागण्याचा आणि प्रतिनिधी परत बोलावण्याचा अधिकार त्यांच्याकडे असावा, अशी त्यांची मांडणी होती. पण तिची पहिली पायरी त्यांच्या लेखी डोके स्वतंत्र होणे ही होती. राष्ट्र असो, वर्ग असो, जात असो, त्या मोठ्या नावाखाली माणूस दडपायचा नाही. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, सासवडचे वि. म. तारकुंडे ही आपली माणसे त्यांच्या बरोबर होती. आपल्या तालुक्यालाही हे बियाणे परके नाही. मुर्डीचे रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे उघड बुद्धिवादी होते, आणि ज्या कर्व्यांना मुरुडने वाळीत टाकले त्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ एकहाती चालवले. दापोलीची माती नुसत्या हापूसला पोसत नाही.

रॉय यांची चूक मी एकच मानतो. डोकी आधी स्वतंत्र होतील आणि मग समित्या चालतील, असा त्यांचा क्रम होता. माणूस सभेत उभा राहून बोलल्याशिवाय त्याचे डोके स्वतंत्र होत नाही, असा माझा अनुभव आहे. पहिल्यांदा बोलताना पाय लटपटतात. तिसऱ्या वेळी तो सरपंचाला हिशेब विचारतो.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हे करून दाखवले. गोंडांचे छोटे गाव. या कामातली देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे आपण ऐकली असतील. तिथे बहुमताने निर्णय होत नाही, सर्वांची सहमती होईपर्यंत सभा चालते, आणि सभेआधी अभ्यासगटात विषय समजून घेतला जातो. बायका बोलतात. या गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यायला मुख्यमंत्री आणि केंद्रीय मंत्री गावात आले. तिथे जंगल आहे, आदिवासी कायदे आहेत, दापोलीत ते नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण सहमती होईपर्यंत उठायचे नाही, यासाठी कुठला कायदा लागतो?

जवळचे उदाहरण पेणचे. २१ सप्टेंबर २००८ रोजी रायगडच्या पेण भागातल्या २२ गावांत सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमीन द्यायची की नाही, यावर सरकारने शेतकऱ्यांचा कौल घेतला. कौल विरोधात गेला. सेझ काही तिथे उभा राहिला नाही. मात्र मत होते ते सातबाऱ्यावर नाव असलेल्यांना. त्याच शेतात राबणाऱ्या मजुराला कोणी विचारले नाही, आणि ज्या बाईचे नाव उताऱ्यावर नाही तिलाही नाही. पुन्हा तेच, एकक चुकले.

आपल्या राज्यात एकक बरोबर धरलेले मतदानही आहे. दारूच्या दुकानाविरुद्ध गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घ्यावे लागते, उभी बाटली की आडवी बाटली. आडवी करायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते लागतात, नुसती आलेल्यांची चालत नाहीत. अट कडक आहे, आमदाराला अशी लावली तर विधानभवन ओस पडेल. तरीही बायकांनी गावोगाव बाटल्या आडव्या केल्या. चिठ्ठी गुप्त असते, नवऱ्याला कळत नाही, यातच त्या मतदानाचा जीव आहे. हात वर करून विचारले असते तर किती हात वर गेले असते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. गावकीने पालखी नाचवावी, शिमगा करावा, देवळाचा कळस बसवावा, मी स्वतः खांदा द्यायला येईन. पण पाणी, रस्ता, स्मशान, शाळा, पैसा हे विषय देवळात मिटवायचे नाहीत, ग्रामसभेत आणायचे. आणि कोणाला पाणी द्यायचे, कोणाच्या मयताला जायचे, कोणाशी बोलायचे, हे विषय कुठल्याच सभेत, कितीही बहुमताने, मताला टाकायचे नाहीत. वाळीत टाकणे हा जुलै २०१७ पासून महाराष्ट्रात गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘गावाने ठरवले’ ही सबब कोर्टात चालत नाही. जिथे भीती आहे तिथे हात वर करायला सांगू नका, चिठ्ठ्या घ्या.

दापोली शहरातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. तुमच्याकडे नगरपंचायत आहे, म्हणजे ग्रामसभा नाही. आसूदच्या किंवा जालगावच्या मतदाराला उभे राहून हिशेब विचारायची जागा आहे, बाजारपेठेतल्या मतदाराला नाही. गाव मोठे झाले की नागरिक लहान होतो, असा हा अजब हिशेब. प्रत्येक प्रभागात वर्षातून चार सभा घेण्याची मागणी नगरसेवकांकडे लेखी करा. देत नाहीत तोवर आपल्या आळीत आपणच बसा, कोणी अडवलेले नाही.

गणपतीला गावी आलेल्या मुंबईकरांनो, तुमचे नाव यादीत गावी असेल तर तुम्ही सभासद आहात, नसेल तर नाही. वर्गणी मोठी म्हणून मत मोठे, ही रीत गावकीतली. दादर-परळहून फोन करून ग्रामसभेचा ठराव फिरवू नका. त्यापेक्षा गावी असलेल्या आपल्या आईला, वहिनीला सांगा की सभेला जा.

पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे. तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती झाली का, तिचे इतिवृत्त कुठे आहे, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. आपला विषय आधीच कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या. घरातून एकच माणूस पाठवू नका, सगळे या. मागाहून वही घरी आली तर सही करू नका.

आपला,
दापोली तालुक्यातला एक मतदार