गंडमकचें छायाचित्र

दुसऱ्या अफगाण युद्धाचे (१८७८–८०) वेळीं जॉन बर्क नांवाचा छायाचित्रकार ब्रिटिश फौजेच्या मागोमाग खैबर घाटांतून गेला. त्याच्या संग्रहांत डोंगर आहेत, तंबू आहेत, सरदारांच्या रांगा आहेत. धुमश्चक्री मात्र कोठेंच नाहीं. वाचकांस नवल वाटेल, पण कारण साधें आहे. त्या काळीं कांचेवर रसायनाचा लेप देऊन तो ओला असतांनाच चित्र घ्यावें व लागलेंच अंधाऱ्या तंबूंत धुवावें लागे. समोरचा मनुष्य जरा हलला कीं त्याची नुसती धूसर छाया उमटे. मग धांवता शिपाई कोठून यावा?

त्यांतील एका चित्रापाशीं आम्ही फार वेळ थांबलों. मे १८७९, गंडमकची छावणी. मध्यें अमीर याकूब खान, जवळच मेजर कॅव्हॅग्नरी; पांचहि जण कसे स्वस्थ बसले आहेत! २६ मे रोजीं तह झाला. काबुलांत इंग्रज वकील राहावयाचा असें ठरलें, व कॅव्हॅग्नरीच तेथें गेला. ३ सप्टेंबरला, म्हणजे मोजून शंभराव्या दिवशीं, पगार थकलेल्या अफगाण पलटणींनीं वकिलातीवर चालून जाऊन त्यास ठार केलें. गोरे अंमलदार पडल्यावर उरलेल्या हिंदी शिपायांस शरण येण्याविषयीं विनविण्यांत आलें. जमादार जिवंदसिंग व त्याचे मूठभर सोबती शरण न जातां लढून मेले. गंडमकच्या त्या चित्रांत यांपैकीं कोणीहि नाहीं.

अमीरास त्याच वर्षीं गादी सोडावी लागली. बर्क पुढें काबुलास पोंचला, आणि वकिलातीच्या पडक्या भिंतींचें चित्र त्यानें घेतलें.