भूमिकेचा लिलाव

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या तेरा वर्षांच्या कन्येस घेऊन माझ्या कार्यालयात आले. कारखान्यात नोकरी करणारे, दोन वर्षांपूर्वीच सहकुटुंब धम्मदीक्षा घेतलेले. जयभीम करून ते खुर्चीवर बसले आणि पिशवीतून अकरा पानांचा एक इंग्रजी करारनामा काढून त्यांनी मेजावर ठेवला. म्हणाले, "वकीलसाहेब, सही कुठे करायची तेवढे दाखवा." एका दूरचित्रवाहिनीच्या गायनस्पर्धेचा तो करारनामा होता. जो उमेदवार अखेरपर्यंत टिकेल, त्यास त्या वाहिनीच्या मालिकेत भूमिका मिळावयाची होती. मुलीचा गळा गोड आहे. वस्तीतील जयंतीच्या कार्यक्रमात ती गाते, तेव्हा रस्त्यावरून जाणारा माणूस उभा राहतो. आईबापांना हर्ष झाला असेल तर त्यात नवल ते काय?

मी पाने वाचू लागलो. स्पर्धेच्या काळात मोबदला नाही. मुद्रणावरील सर्व हक्क वाहिनीचे, आणि तेही कायमचे. मुलीचे बोलणे, रडणे, हसणे कापून जोडून हवे तसे दाखविण्याचा अधिकार वाहिनीचा. स्पर्धा संपल्यावर तीन वर्षेपर्यंत वाहिनीच्या लेखी अनुमतीवाचून अन्यत्र गावयाचे नाही. आणि नवव्या पानावर, बारीक अक्षरांत, विजेत्यास भूमिका देणे अगर न देणे हे सर्वस्वी संस्थेच्या इच्छेवर अवलंबून राहील! म्हणजे ज्या बक्षिसासाठी हा सारा खटाटोप करावयाचा, ते बक्षीस देण्याचे वचन अकरा पानांत कोठेही नव्हते. मुलीकडून मात्र पानोपानी वचने घेतलेली होती.

हा प्रकार आपल्याकडे उपजलेला नाही. भूमिकेसाठी गायनाची स्पर्धा लावून तिचा जाहीर तमाशा करण्याची पद्धत इंग्लंडात नावारूपास आली. तेथे ती कशी चालली, हे पाहिल्यावाचून येथील करारनाम्याचा अर्थ उलगडणार नाही.

२००६ साली बीबीसीने 'हाउ डू यू सॉल्व्ह अ प्रॉब्लेम लाइक मारिया?' या नावाचा कार्यक्रम सुरू केला. लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहात 'द साउंड ऑफ म्युझिक' हे संगीत नाटक पुन्हा रंगभूमीवर यावयाचे होते, आणि त्यातील मारियाची भूमिका कोणी करावी हे प्रेक्षकांच्या कौलाने ठरणार होते. शनिवारी मुली गात, लोक घरून फोन करून मते देत. ज्या दोघींना सर्वांत कमी मते पडत त्यांना पुन्हा गावयास लावले जाई, आणि त्यांतील एकीला ॲन्ड्र्यू लॉइड वेबर ठेवून घेत. दुसरी निरोपाचे गाणे गाऊन घरी जाई. अखेरच्या फेरीत वीस लाखांहून अधिक मते पडली व कॉनी फिशर विजयी झाली. हे लॉइड वेबर कोण? ते त्या नाटकाचे निर्माते, आणि पॅलेडियम नाट्यगृहही त्यांच्याच कंपनीचे. परीक्षकांच्या खुर्चीवर बसलेले डेव्हिड इयन कोण? त्याच नाटकाचे सहनिर्माते. कोणीही आपल्याच प्रकरणात न्यायाधीश होऊ नये, हे कायद्याच्या महाविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकवितात. येथे मालक स्वतःच्या दुकानासाठी नोकर निवडीत होता. तो त्याचा हक्क होता, त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार एवढीच की त्या निवडीला त्याने न्यायासनाचा झगा चढविला आणि लोकमताचा शिक्का मारला.

या धंद्याचा फायदा कोणास झाला? बीबीसी जाहिराती घेत नाही. प्रत्येक घराकडून घेतलेल्या परवाना-शुल्कावर ती चालते. त्या शुल्काच्या पैशांतून एका खाजगी नाटकाचे नाव आठवड्यामागून आठवडे घरोघर पोचले. पुढील वर्षी 'एनी ड्रीम विल डू' या कार्यक्रमातून जोसेफ निवडला, २००८ साली 'आय'ड डू एनिथिंग'मधून 'ऑलिव्हर!' नाटकासाठी नॅन्सी निवडली, २०१० साली 'ओव्हर द रेनबो'मधून डॉरथी निवडली. ओल्ड व्हिक नाट्यगृहाचे तेव्हाचे कलासंचालक केव्हिन स्पेसी यांनी २००८ मध्येच आक्षेप घेतला होता की, ही तर एका नाटकाची तेरा आठवड्यांची जाहिरात झाली, मग इतर नाटकांच्या तेरा आठवड्यांचे काय? बोलणारा माणूस कोणत्याही कारणाने पुढे बदनाम झाला असो, प्रश्न बिनतोड होता. अमेरिकेत एनबीसीने २००७ साली 'ग्रीस' नाटकाचे नायक-नायिका अशाच रीतीने निवडून ब्रॉडवेवर पाठविले, आणि २०२३ साली आयटीव्हीने 'मामा मिया!' नाटकातील सोफी आणि स्काय यांच्या भूमिकांसाठी पुन्हा तोच बाजार मांडला. सतरा वर्षांत पद्धत जुनी झाली नाही, कारण ती किफायतीची आहे.

या कार्यक्रमांचे समर्थक म्हणतात, अहो, हा तर लोकशाहीचा विजय! नाटकवाल्यांच्या बंद दारापुढे ताटकळणाऱ्या गरीब मुलीला लोकांनी आत नेले. या युक्तिवादाचा मी सविस्तर विचार करणार आहे, कारण आपल्या लोकांना तोच भुरळ घालतो. बंद दाराचे दुःख आपल्याला कोणी शिकवावयास नको.

कॉनी फिशर ही दूरध्वनीवरून माल विकणारी मुलगी होती, असे सर्वांना सांगितले गेले. ते खरेही होते. पण ती माउंटव्ह्यू या नाट्यविद्यालयातून रीतसर शिकून बाहेर पडलेली कलावती होती, हे तितक्या मोठ्याने सांगितले गेले नाही. जोसेफची भूमिका मिळविणारा ली मीड हा तर 'द फँटम ऑफ द ऑपेरा' या चालू नाटकातील काम सोडून स्पर्धेत उतरला होता. म्हणजे हे रस्त्यावरून उचललेले भाग्यवान नव्हते, ते शिकलेले कामगार होते. कामगाराला कामासाठी अर्ज करावयाचा असतो. त्याची चाचणी बंद खोलीत होते, होकार मिळतो किंवा नकार मिळतो, आणि नकार मिळाला तर तो खोलीतील चार माणसांनाच ठाऊक असतो. येथे तो नकार देशभर दाखविला गेला. 'ओव्हर द रेनबो'मध्ये बाद झालेल्या मुलीकडून डॉरथीचे लाल चकचकीत जोडे काढून घेत, ते ती स्वतःच्या हाताने लॉइड वेबर यांच्या स्वाधीन करी, आणि मग तिला एका खोट्या चंद्रकोरीवर बसवून, गात असतानाच, वर ओढून नेत. कामावरून कमी केलेल्या माणसाने जाताना मालकाला जोडे परत करावे आणि वर त्यालाच गाणे ऐकवावे! आमच्या आजोबांच्या पिढीला जोड्यांचा आणि मालकाचा संबंध पुरता ठाऊक होता. मला तो देखावा पाहवला नाही.

आता लोकमताकडे वळू. मताचा अर्थ काय, हे आपल्या समाजाला १९४९ सालच्या २५ नोव्हेंबरला घटना समितीत डॉ. बाबासाहेबांनी समजावून दिले आहे: राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताला समान मूल्य. फोनवरील मताला किंमत पडते, आणि एकाच घरातून पुन्हा पुन्हा फोन करण्यास आडकाठी नसते. ज्याच्या खिशात अधिक पैसे, त्याची मते अधिक. याला मतदान म्हणावयाचे असेल तर तमाशातील दौलतजादेलाही मतदान म्हणावे लागेल. फरक इतकाच की दौलतजादेतील नोट निदान फडाच्या हाती पडे. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर बीबीसीच्या कार्यक्रमांत फोनच्या उत्पन्नातील भाग होतकरू कलावंतांसाठी ठेवलेल्या निधीला जात असे, तेवढे श्रेय तिला दिले पाहिजे. पण फोनचा हा एकूण धंदा किती निर्मळ होता, ते इंग्लंडच्याच नियामक संस्थेने, म्हणजे ऑफकॉमने, सांगून ठेवले आहे. फोनद्वारा चालणाऱ्या स्पर्धांतील व मतदानातील गैरप्रकारांबद्दल तिने मे २००८ मध्ये आयटीव्हीला सुमारे सत्तावन्न लक्ष पौंडांचा दंड केला. तो दंड भूमिकेच्या स्पर्धांबद्दल नव्हता. परंतु पैसे मोजून दिलेले मत कोणाच्या तिजोरीत पडते आणि ते मोजले तरी जाते की नाही, हे विचारावयास तो पुरेसा आहे.

आणि लोकमत गुणाची पारख तरी करते काय? २००८ साली नॅन्सीच्या अंतिम फेरीत लोकांनी जोडी प्रेंजर हिला निवडले. लॉइड वेबर यांचा कल जेसी बकली या आयरिश मुलीकडे होता. ती हरली. तिला नॅन्सीच्या पर्यायी नटीचे काम देऊ केले, ते तिने नाकारले आणि ती दुसऱ्या नाटकात गेली. त्याच जेसी बकलीला २०२२ साली 'कॅबरे'मधील कामासाठी ऑलिव्हिए पारितोषिक मिळाले. तिसऱ्या क्रमांकावर राहिलेली सामान्था बार्क्स २०१२ च्या 'ले मिझेराब्ल' चित्रपटात एपोनीन झाली, आणि २०२३ च्या 'मामा मिया!' स्पर्धेत तर परीक्षक म्हणूनच बसली. जिंकलेल्या मुली कमी गुणी होत्या असे मी म्हणत नाही. हरलेल्यांना पुढे जे मिळाले ते फोनच्या मतांनी मिळाले नाही, एवढेच म्हणतो. आपल्या महाराष्ट्रातही 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'चे २००८-०९ चे पर्व कार्तिकी गायकवाड हिने जिंकले, आणि आर्या आंबेकर २०१७ साली 'ती सध्या काय करते' या चित्रपटाची नायिका झाली. त्या भूमिकेसाठी कोणी मतपेटी ठेवली नव्हती.

जिंकणाऱ्याच्या पदरात नेमके काय पडते, हेही पाहून ठेवावे. लंडनच्या मोठ्या नाटकांचे आठवड्याला आठ प्रयोग होतात. कॉनी फिशर त्यांतील सहा करी, उरलेल्या प्रयोगांत दुसरी नटी मारिया होई. तिचा पहिला करार सहा महिन्यांचा होता, पुढे तो वाढला. यात गैर काही नाही, गळ्याला विश्रांती हवीच. पण जे 'स्वप्न' म्हणून विकले गेले ती एक मुदतीची नोकरी होती, आणि नोकरीचे प्रश्न नोकरीचेच असतात: वेतन किती, तास किती, मुदत किती, आजारी पडल्यास काय. हे प्रश्न विचारले की स्वप्न विकणारे नाराज होतात. "संधी मिळते आहे ना? मग पैशाचे काय बोलता?" हे वाक्य मी नवे ऐकलेले नाही. वेठबिगारीलाही एके काळी मान म्हणत असत.

म्हणून त्या गृहस्थांना मी सही करू दिली नाही. मुलगी तेरा वर्षांची, अर्थात कायद्याने अज्ञान. अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य होय, हे १९०३ सालापासून ठरलेले आहे. म्हणूनच बापाची सही हवी असते, आणि म्हणूनच बापाने ती जपून द्यावयाची असते. बालकामगार कायद्याखालील नियमांत २०१७ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे चौदा वर्षांखालील बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मुलाच्या उत्पन्नातील निदान वीस टक्के रक्कम त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. आणि त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला उभे करता येत नाही. आता मोबदलाच नाही म्हटल्यावर वीस टक्के कशाचे काढणार, हे त्या करारनाम्याच्या लेखकालाच ठाऊक! तीन वर्षे अन्यत्र न गाण्याचे कलम तर भारतीय करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमापुढे टिकणे कठीण. करार संपल्यानंतरही माणसाला बांधून ठेवणारी अट सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली क्रिकेटपटू झहीर खान याच्या प्रकरणात शून्य ठरविली आहे. क्रिकेटपटूला जो न्याय तो गाणाऱ्या मुलीला का नसावा?

मी दोन पानांचे उत्तर लिहिले. प्रत्येक मुद्रणाच्या दिवसाचा मोबदला ठरवावा, कामाचे तास लिहावेत, तीन वर्षांचे कलम गाळावे, बाद होण्याचा प्रसंग मुलीच्या व पालकांच्या संमतीवाचून दाखवू नये, आणि विजेत्यास भूमिका मिळेलच असे तारीख व वेतन यांसह लिहून द्यावे, अशा मागण्या केल्या. आठव्या दिवशी त्या वाहिनीच्या एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. तो नम्रपणे म्हणाला की करारनामा सर्वांना एकच असतो, त्यात अक्षर बदलत नाही. आणि शेकडो पालक सही करून गेले आहेत, तुम्हीच एकटे पत्र लिहीत बसला आहात.

ते शेकडो पालक कोण आहेत, हे मला ठाऊक नाही, पण त्यांतील काही हे पाक्षिक वाचीत असतील. ज्यांनी सही केली नसेल त्यांनी करारनाम्याची प्रत मागून घ्यावी. प्रत मागणे हा हक्क आहे, आणि ती नाकारली तर नाकारल्याचे लेखी घ्यावे. इंग्रजी कळत नसल्यास रविवारी सकाळी माझे कार्यालय उघडे असते. करारनामा वाचून मराठीत समजावून देईन. त्याचे शुल्क नाही.